सतारीला मानांकन, भोपळा मात्र बेवारस

बंगळूरच्या बाजारात ‘सोरेकाई’ मागितली की कोवळा, फिकट हिरवा, सरळ बांध्याचा दुधी हाती येतो. या शहराजवळच्या हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने ‘अर्का बहार’ हा वाण विकसित केला तो अशाच गुणांसाठी. मान वाकडी नाही, वजन सुमारे किलोभर. सार्वजनिक संशोधनाचे हे यश मी कमी लेखत नाही.

मात्र मानवाने ही वेल जवळ केली ती बहुधा भाजीआधी भांड्यासाठी. पाण्याचा तुंबा, साधूचे कमंडलू, पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीचा सुका भोपळा, भजनातली एकतारी, सारे जाड कवचाच्या फळातून आले. ते फळ बहुधा कडू असते. भाजीच्या दृष्टीने तो दोषच. कडू दुधीचा रस विषारी ठरू शकतो. वाद्य घडविणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नसते. त्याला हवा असतो मोठा घेर, गोल आकार आणि ठणठणीत कवच.

मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात रुजविलेल्या या कारागिरीचा तो उचित गौरव होय. पण तिचा भोपळा मिरजेत नव्हे, तर पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरात, भीमेच्या खोऱ्यात पिकतो. भाजीचा दुधी दोन महिन्यांत तोडणीला येतो, आणि तोडणी सुरू झाली की पैसाही सुरू होतो. तुंब्याचे फळ मात्र वेलीवरच पिकून वाळू द्यावे लागते; तोवर शेत अडकून पडते. त्यातून ही वेल परपरागित. शेजारी भाजीचा दुधी असला की मधमाशा दोहोंची सरमिसळ करतात आणि पुढच्या पिढीत आकार, कवच यांचा भरवसा उरत नाही. बियाणे शुद्ध राखायचे तर दोन शेतांत अंतर हवे. त्या अंतराची किंमत आज एकटा शेतकरी मोजतो.

याच बंगळूरात जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला. रियाझाची सोय झाली, भोपळ्याची मागणी मात्र आणखी आकसली. तंत्रज्ञानाला दोष देण्यात अर्थ नाही. आक्षेप आहे तो धोरणातील विभागणीवर: सतार हस्तकलेच्या खात्यात, दुधी फलोत्पादनाच्या खात्यात आणि तुंबा कुठेच नाही. वाणांच्या संरक्षणाच्या २००१ च्या कायद्यात शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणांच्या नोंदणीची तरतूद आहे. तिचा आधार घेऊन भीमाकाठच्या बियाण्याची नोंद, पेढीत जतन आणि विलगीकरणासाठी अनुदान या तीन गोष्टी कृषी विद्यापीठाला सहज करता येतील. खर्च नगण्य आहे. मानांकनाच्या अर्जासाठी जो उत्साह दिसला, त्याचा थोडा अंश पुढच्या पेरणीपूर्वी या कामी लागला पाहिजे.