रोथकोचा उडालेला लाल

१९६४ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या होलिओक सेंटरमध्ये, अगदी वरच्या मजल्यावरच्या भोजनकक्षात चित्रकार मार्क रोथकोची पाच प्रचंड चित्रं लागली. किरमिजी पृष्ठभागावर दारांच्या चौकटींसारखे उभे आकार, बाकी काही नाही. खोलीला मोठमोठ्या खिडक्या होत्या. ऊन आत येत राहिलं आणि किरमिजी उडत गेला. कुठे कुठे तर चक्क फिकट निळा दिसू लागला! १९७९ मध्ये ती चित्रं उतरवून बंदिस्त ठेवावी लागली.

किरमिजी रंगासाठी रोथकोने लिथॉल रेड आणि अल्ट्रामरीन निळा एकत्र केले होते. लिथॉल रेड उन्हात तग धरत नाही, अल्ट्रामरीन धरतो. लाल गेला, निळा मागे राहिला.

व्यक्तिचित्र विटलं तरी चेहरा ओळखू येतो, कारण त्याला रेषेचा आधार असतो. रोथकोच्या आकारांना तो नाही. त्यांच्या कडा विरत जातात. रंगाचे पातळ थर एकावर एक चढतात, प्रकाश त्यांच्यात शिरून परत फिरतो, आणि कुठला आकार पुढे सरकतो, कुठला मागे हटतो हे शेजारचा रंग ठरवतो. म्हणून इथे रंग आणि रचना वेगळ्या काढताच येत नाहीत. एक लाल गेला की चित्राची सगळी खोली जाते.

वरून रंगवणं अशक्य होतं. चित्रांवर वार्निश नव्हतं; नवा रंग मूळ रंगात कायमचा मुरला असता. मग जाणकारांनी प्रकाशानेच रंगवायचं ठरवलं! जुनी छायाचित्रं, आणि भिंतीवर कधीच न लागल्यामुळे रंग टिकून राहिलेलं सहावं चित्र, यांच्या आधारे संगणकाने कॅनव्हासच्या बिंदूबिंदूवर किती रंग कमी पडतो याचा हिशेब केला. २०१४ च्या प्रदर्शनात प्रोजेक्टरने नेमका तेवढाच रंग चित्रांवर टाकला. रोज दुपारी चार वाजता प्रोजेक्टर बंद होत आणि लोकांसमोर उडालेली चित्रं उरत. संवर्धनाची इतकी सुंदर आणि इतकी प्रामाणिक कल्पना मला दुसरी माहीत नाही.

नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे त्याच १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले होते. त्यांच्या कॅनव्हासवरही रंगच रचना ठरवतो. त्याच्यासमोर कधी उभे राहिलात, तर ‘हे कशाचं चित्र?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. यातला कुठला रंग काढला तर सगळं कोसळेल, ते शोधा.