सिद्धेश्वर धरण, डिग्री आणि यूट्यूब

पूर्णा नदीवर वर येलदरी धरण, खाली आपलं सिद्धेश्वर. 'कॉलेज कशाला, यूट्यूब आहे की' म्हणणाऱ्यांनी इथे येऊन दरवाजे बघावेत! पाण्याचा हिशेब चुकला तर खालची गावं धोक्यात. असे दरवाजे घडवणारे अभियंते विश्वेश्वरय्याच बघा: १८८३ साली ते पुण्यात अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. १९०३ मध्ये खडकवासला धरणाला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले.

आणि उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर? इंजिनिअरची पदवीच नाही. मुंबईच्या जे. जे. कलाविद्यालयात चित्रकला शिकत होते, ती रंगांधळेपणामुळे सुटली. यंत्रविद्या अमेरिकन मासिकं वाचून शिकले. लोखंडी नांगर केला, तर 'लोखंडानं जमीन नासते' म्हणून शेतकरी घेईनात! पण हेही सांगायला हवं, की ते आधी मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेतच नोकरीला होते.

बारावीच्या पोरांनो, मोटार दुरुस्ती मोबाइलवर बघून खुशाल शिका. धरण बांधायचं असेल तर मात्र कॉलेजचा फॉर्म भरा.