गाडी अडीचशेची, मर्यादा एकशेवीसची. दंडापेक्षा परवाना मोलाचा

छत्रपती संभाजीनगर : ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद शहराचे नाव देशभरातील वृत्तपत्रांत झळकले ते वेरूळ-अजिंठ्यामुळे नव्हे, तर मर्सिडीज गाड्यांमुळे. शहरातील उद्योजक, व्यावसायिक व डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज बेंझ मोटारींची खरेदी केली होती. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता आणि त्यासाठी स्टेट बँकेने ४० कोटींहून अधिक कर्ज सात टक्के व्याजदराने दिले. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला याहून महाग कर्ज मिळते, याकडे तेव्हा अनेकांनी बोट दाखविले. ती टीका रास्तच होती. मात्र एका गोष्टीची चर्चा त्या वेळी झाली नाही. सरासरी ४३ लाख रुपयांच्या या गाडीने वेगमर्यादा मोडली, तर पहिल्या गुन्ह्यासाठी कायद्यात जास्तीत जास्त दंड होता ४०० रुपये.

अर्थात, तेव्हा वेगमर्यादा मोडण्यासाठी रस्ता तरी कुठे होता? क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल्स, सिडको असा जालना रोडचा प्रवास ज्याने सायंकाळी सहा वाजता केला आहे, त्याला या प्रश्नाचे उत्तर सांगण्याची गरज नाही. स्कोडाचा कारखाना शेंद्र्यात २००१ पासून आहे, ऑडीच्या गाड्यांची जुळणीही तेथेच होऊ लागली. पण शहराला वेगवान गाड्या बनविता आल्या तरी त्या चालविता येत नव्हत्या. हे चित्र ११ डिसेंबर २०२२ रोजी बदलले. त्या दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि सावंगी किंवा माळीवाड्याला वर चढले की सहा पदरी सिमेंटचा, सिग्नल नसलेला रस्ता शहरवासीयांच्या दारात आला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला.

महागड्या गाडीच्या मालकाचा कायद्याशी खरा संबंध येतो तो या रस्त्यावर, आणि त्याची सुरुवात एका गैरसमजाने होते. समृद्धी महामार्गाची रचना ताशी १५० किलोमीटर वेगासाठी केल्याचे उद्घाटनापूर्वीपासून सांगितले जात होते. त्यामुळे १५० पर्यंत चालते, अशी अनेकांची समजूत झाली. प्रत्यक्षात रचनेचा वेग आणि परवानगीचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वळणाची त्रिज्या किती ठेवायची, रस्त्याला उतार किती द्यायचा, चालकाला पुढचे किती अंतर दिसले पाहिजे, हे अभियंत्याने ज्या आकड्यावरून ठरवायचे, तो रचनेचा वेग. परवानगीचा वेग त्याहून कमी असतो, कारण रस्त्यावर चुका करणारी माणसे, फुटणारे टायर आणि बंद पडलेले ट्रकही असतात. समृद्धीवर आठ प्रवाशांपर्यंतच्या मोटारींना सपाट भागात ताशी १२० आणि घाटात १०० किलोमीटरची मर्यादा आहे. मोठ्या प्रवासी वाहनांना ती अनुक्रमे १०० व ८०, तर मालवाहू वाहनांना सर्वत्र ८० आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये द्रुतगती मार्गांसाठी मोटारींची कमाल मर्यादा १२० ठरविली होती. त्याच अधिसूचनेत दुभाजक असलेल्या चार पदरी रस्त्यांसाठी ती १०० आणि पालिका हद्दीतील रस्त्यांसाठी ७० होती. स्थानिक प्रशासन यापेक्षा कमी मर्यादा लावू शकते. फलकावर ५० लिहिले असेल, तर कायदा ५० चाच.

आता दंड. मोटार वाहन कायद्याच्या १८३ व्या कलमात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि हलक्या मोटारीसाठी दंड किमान एक हजार व कमाल दोन हजार रुपये झाला. महाराष्ट्राने बराच काळ हात आखडता घेऊन डिसेंबर २०२१ मध्ये सुधारित दंड लागू केले. रोजच्या दुचाकीस्वाराला किंवा भाड्याची गाडी चालविणाऱ्याला ही रक्कम जड जाते. कोटीची गाडी बाळगणाऱ्यासाठी मात्र तो दंड नाही, वेगाचा टोल आहे. भरला की पुढे जायला मोकळे.

जगात काही ठिकाणी यावर उपाय शोधला गेला आहे. फिनलंडमध्ये वेगाचा मोठा गुन्हा असेल, तर दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारला जातो. जून २०२३ मध्ये तेथील ऑलँड बेटांवर ५० च्या हद्दीत ८२ च्या वेगाने जाणाऱ्या एका धनाढ्य उद्योजकाला १ लाख २१ हजार युरो, म्हणजे एक कोटी रुपयांहून अधिक दंड झाला. शिवाय दहा दिवस परवाना निलंबित झाला तो वेगळाच. ज्या जर्मनीच्या 'ऑटोबान'चे दाखले आपल्याकडील वेगप्रेमी देतात, तेथे काही भागांत मर्यादा नाही हे खरे. परंतु शिफारस केलेला वेग १३० आहे, आणि जेथे मर्यादा आहे तेथे ती मोडल्यास चालकाच्या नावावर गुण जमा होतात. आठ गुण झाले की परवाना रद्द. तेथे श्रीमंताला भीती आहे ती पैशाची नव्हे, परवान्याची.

आपल्या कायद्यातही ही भीती घालण्याची सोय आहे, फक्त ती फारशी कोणाला ठाऊक नाही. कलम १८३ नुसार दुसऱ्यांदा वा त्यानंतर वेगमर्यादा मोडल्यास चालकाचा परवाना जप्त करावयाचा असतो. कलम २०६ च्या चौथ्या पोटकलमान्वये पोलीस अधिकाऱ्याने तो परवाना प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे पाठवावा आणि तेथे १९ व्या कलमाखाली अपात्रतेची कारवाई व्हावी, असा क्रम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच अतिवेगाबद्दल किमान तीन महिने परवाना निलंबित करण्यास राज्यांना सांगितले होते. आणखी एक बाब महत्त्वाची आहे. आपण 'चलन भरले' म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात कलम २०० खालील तडजोड शुल्क भरत असतो. ते भरल्याने खटला टळतो; पण २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवान्यावरील कारवाई टळत नाही.

मग परवाने निलंबित का होत नाहीत? याचे कारण गाडीच्या नोंदणीत आहे. कॅमेरा क्रमांकाची पाटी वाचतो, चालकाचा चेहरा नव्हे. त्यामुळे ई-चलन मालकाच्या नावे निघते, आणि महागड्या गाड्यांचे मालक अनेकदा व्यक्ती नसून कंपन्या असतात. कंपनीला परवाना नसतो. संदेश जातो तो नोंदणीतील मोबाइल क्रमांकावर. तो लेखापालाचा असला, तर तो विजेच्या बिलाबरोबर चलनही भरून टाकतो. गाडी कोण चालवीत होते, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. वास्तविक कलम १३३ प्रमाणे विचारणा झाल्यास चालकाचे नाव व परवान्याचा तपशील देणे मालकावर बंधनकारक आहे. विचारणा झाली तरच, ही त्यातली मेख. मालकाच्या सांगण्यावरून पगारी चालकाने वेग वाढविला, तर मालकही गुन्हेगार ठरतो, हेही याच कायद्यात आहे. 'आमचा ड्रायव्हर होता' ही सबब त्यामुळे पुरी पडत नाही.

रस्त्यावर पोलिसाने थांबविले, तर चित्र वेगळे असते. तेथे चालक समोर असतो, परवाना हाती असतो. पण पोलिसावरही मर्यादा आहेत. 'गाडी फार जोरात होती' हे एका साक्षीदाराचे मत शिक्षेसाठी पुरेसे नाही; वेग यांत्रिक अथवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने मोजलेला असावा लागतो. म्हणून स्पीडगन असलेले इंटरसेप्टर वाहन लागते, आणि गनवरील आकडा पाहण्याची मागणी करण्यात काही वावगे नाही. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला परवाना दाखविणे बंधनकारक आहे. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधील प्रत चालते. हुज्जत घालून आदेश मोडल्यास त्याचाच वेगळा दोन हजारांचा दंड आहे. दंड मान्य नसेल, तर न्यायालयात जाण्याचा मार्ग खुला असतो. 'साहेबांना फोन लावून देतो' ही आपल्या शहरातली जुनी पद्धत मात्र कोणत्याच कलमात नाही.

एकशेवीसच्या रस्त्यावर वाहन थांबविणे हेच मुळात किती धोक्याचे आहे, याचा दाखला याच जिल्ह्यात मिळाला. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर वैजापूर तालुक्यात जांबरगाव टोलनाक्याजवळ बुलडाण्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणारा टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर आदळला आणि बारा जणांचा मृत्यू झाला. परिवहन विभागाच्या अधिकाऱ्यांनी तो ट्रक महामार्गावर थांबविल्याचा आरोप झाला आणि दोघांना अटक करण्यात आली. द्रुतगती मार्गावर कायद्याची अंमलबजावणी हात दाखवून होऊ शकत नाही. ती कॅमेऱ्याने किंवा उतरण्याच्या नाक्यावरच व्हायला हवी.

परिवहन विभागाने २०२३ मध्ये समृद्धीवर त्या दिशेने प्रयत्न केले. चढण्याच्या व उतरण्याच्या वेळेतील फरकावरून वेग काढायचा आणि घाई केलेल्या चालकाला समुपदेशनासाठी बसवायचे, अशी ती पद्धत होती. हिशेब शाळकरी आहे. १२० च्या वेगाने ५२० किलोमीटरला चार तास वीस मिनिटे लागतात. कोणी साडेतीन तासांत पोहोचला, तर त्याचा सरासरी वेग १४८ हून अधिक भरतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून हेच काम कॅमेरे करीत आहेत. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि मागे पडला की पुन्हा ॲक्सिलरेटर, ही युक्ती सरासरी वेग मोजणाऱ्या यंत्रणेपुढे चालत नाही.

कॅमेऱ्यालाही नियम आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत आलेल्या १६७-अ या नियमानुसार उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र हवे, कॅमेऱ्याच्या आधी सूचनाफलक हवा, छायाचित्रात क्रमांकाची पाटी आणि नोंदीत मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण हवे, आणि गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत मिळायला हवी. चलनावर आक्षेप घेणाऱ्याने आधी हे तपासावे.

गाडी चांगली आहे, ब्रेक उत्तम आहेत, मग १८० ने काय बिघडते, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. अनेक जर्मन गाड्यांचा वेग कारखान्यातच २५० वर रोखलेला असतो, म्हणजे १८० हा त्यांच्या लेखी आरामाचा वेग. पण १२० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते, १८० ला ५० मीटर. कोरड्या रस्त्यावर उत्तम ब्रेक धरले आणि चालकाला भानावर यायला एक सेकंद दिला, तर १२० ची गाडी साधारण १०० मीटरमध्ये थांबते. १८० च्या गाडीला २०० मीटरहून अधिक लागतात. वेग दीडपट, अंतर दुप्पट. टायरचेही तसेच. बाजूवरील एच अक्षराचा टायर २१० पर्यंत, व्ही २४० पर्यंत, वाय ३०० पर्यंत चालतो, तोही योग्य हवा असेल तर. झिजलेल्या टायरच्या जागी स्वस्तातला टी अक्षराचा, म्हणजे १९० चा टायर बसविला, की गाडी कोटीची राहते आणि तिची मर्यादा टायरची होते.

शहरात मात्र अशा गाड्या वेगापेक्षा आवाजामुळे अधिक सापडतात. सायलेन्सर बदलून घेतल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ध्वनिप्रदूषणासाठी पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंडाची व तीन महिने परवाना अपात्रतेची तरतूद आहे. गमतीची गोष्ट अशी की, गोंगाटाची शिक्षा वेगाच्या शिक्षेपेक्षा कडक आहे.

अपघात झाला, की ही सारी कलमे मागे पडतात. पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ च्या पहाटे १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. १,७५८ रुपयांचे शुल्क न भरल्यामुळे त्या गाडीची कायम नोंदणीच झालेली नव्हती. पुढे निबंध लिहिण्याच्या अटीवरील जामीन, बदललेले रक्तनमुने, ससूनच्या डॉक्टरांना अटक, पोलिसांचे निलंबन हे सर्वांना माहीत आहे. जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने त्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालविण्याची मागणी फेटाळली. अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालक वा मालकाला मात्र कलम १९९-अ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड आणि वर्षभरासाठी नोंदणी रद्द अशी शिक्षा होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूची कमाल शिक्षाही दोनवरून पाच वर्षांवर गेली आहे.

रविवारी पहाटे गट करून निघणाऱ्यांसाठी एक कलम उरते. सार्वजनिक रस्त्यावर राज्य सरकारच्या लेखी परवानगीविना शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, दुसऱ्या वेळी एक वर्ष किंवा दहा हजार, अथवा दोन्ही. दोन गाड्यांनी सावंगीहून एकत्र सुटून पुढच्या नाक्यावर 'कोण आधी' पाहणे यात बसते. ज्यांना २५० चा काटा खरोखर पाहायचा आहे, त्यांच्यासाठी ग्रेटर नोएडात आणि कोइमतूरजवळ शर्यतीचे बंदिस्त मार्ग आहेत. तेथे समोरून ट्रक येत नाही आणि चलनही निघत नाही.