तूस, तेल आणि गरम हवा

परभणी जिल्ह्याच्या पालम तालुक्यातील काळ्या जमिनीत पिकलेला कापूस जिनिंगमध्ये पोहोचला, की सरकी वेगळी होते, रुई मोकळी होते आणि तेथूनच आगीची धास्ती सुरू होते. कारण १७० किलोची घट्ट दाबलेली गाठ आतल्या आत धुमसत राहिली, तरी यंत्राभोवती साचलेले सुटे तूस, म्हणजे कापसाचे बारीक तंतू, एका ठिणगीने क्षणात भडकते. द्रव्य एकच, म्हणजे सेल्युलोज, साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी. फरक पडतो तो त्याचा किती पृष्ठभाग हवेला उघडा आहे यावर. गरम हवेने कपडे वाळवणाऱ्या यंत्रात सुती कपडे एकमेकांवर घासून हेच तूस पुन्हा सुटते.

पालमसारख्या गावातील घरांत सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या ज्या भागाला ड्रायर म्हणतात, तो मात्र यात मोडत नाही, कारण तो मिनिटाला हजाराहून अधिक फेऱ्या घेऊन पाणी केवळ पिळून काढतो आणि उष्णता वापरतच नाही. येथे विचार आहे तो पुण्या-मुंबईच्या सुसज्ज भाड्याच्या सदनिकांत, वसतिगृहांत, लॉन्ड्र्यांत आणि परदेशातील मराठी कुटुंबांच्या भाड्याच्या घरांत आढळणाऱ्या, तापक असलेल्या यंत्राचा.

एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे साधारण दोन-तृतीयांश युनिट वीज लागते. कपडे ओले असतात तोवर ही उष्णता बाष्पीभवनात खर्ची पडते आणि कापड फारसे तापत नाही. पाणी संपले की तापमान चढू लागते आणि ते रोखण्याचे काम तापनियंत्रक, म्हणजे ठरावीक तापमानाला वीज तोडणारी कळ, आणि वाहती हवा या दोघांवर येते. तूस अडवणारी जाळी किंवा दमट हवा बाहेर नेणारी नळी तुंबली, तर प्रवाह मंदावतो, तापकाभोवतीची उष्णता बाहेर पडत नाही, नियंत्रक वारंवार चालू-बंद होऊन झिजतो, आणि जाळीतून निसटलेले तूस तापकावर पडून लाल होते. कपडे वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागणे ही बहुधा यंत्र म्हातारे झाल्याची नव्हे, तर वाट तुंबल्याची खूण असते.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा अंदाज मांडला, तेव्हा निवासी इमारतींत अशा यंत्रांमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागत होत्या आणि त्यांत स्वच्छतेचा अभाव हे ३४ टक्के वाट्यासह सर्वांत मोठे कारण होते. उरलेल्या कारणांत यंत्रातील दोषही येतात. १९ ऑगस्ट २०१६ रोजी पश्चिम लंडनमधील शेफर्ड्स बुश भागातील एका अठरा मजली इमारतीत लागलेली आग अशाच यंत्रातून पसरली. त्या प्रकारच्या यंत्रांत तूस तापकाला भिडू शकते हे आधीच जाहीर झालेले असूनही, दुरुस्ती होईपर्यंत लक्ष ठेवून ती वापरण्याची मुभा ग्राहकांना दिली गेली होती. ही मुभा मुळातच चुकीची होती, कारण लक्ष ठेवणारा माणूस आग पाहू शकतो, ती लागण्याचे थांबवू शकत नाही.

भाड्याच्या घरात अडचण निराळी असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कलम १४ जागेच्या दुरुस्तीची जबाबदारी घरमालकावर टाकते, परंतु यंत्राची जाळी रोज कोणी झाडायची आणि भिंतीतून गेलेली नळी वर्षाकाठी कोणी उघडायची, हे करारातच लिहावे लागते. अकरा महिन्यांनी जाणारा भाडेकरू नळीला हात लावत नाही आणि मालकाला ती दिसत नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या करारासोबत सामानाची यादी जोडतात, तीतच ही दोन कामे नावानिशी वाटून देणे सोपे आहे. नळी धातूची, आखूड आणि कमी वळणांची असावी, कारण प्लास्टिकच्या घडीदार नळीच्या प्रत्येक घडीत तूस अडते आणि ती स्वतःही जळते. विजेची जोडणीही पाहावी लागते: २,००० वॉटचे यंत्र २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर प्रवाह ओढते, तेव्हा ते ६ अँपिअरच्या पिनेवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर चालवणे धोक्याचे ठरते.

यंत्र बंद झाल्यानंतरही एक धोका उरतो आणि तो परभणी जिल्ह्याच्या दुसऱ्या पिकाशी जोडलेला आहे. करडईच्या तेलात, मग ते येथील कृषी विद्यापीठाच्या ‘परभणी कुसुम’ या वाणाचे का असेना, लिनोलेइक आम्लाचे प्रमाण मोठे असते; या आम्लाच्या दुहेरी बंधांशी हवेतील प्राणवायू जुळू लागला की उष्णता बाहेर पडते. जवसाच्या तेलात हे अधिकच वेगाने घडते. स्वयंपाकघरातील फडकी किंवा मालिशचे टॉवेल धुतल्यावरही थोडे तेल धाग्यांत राहते. असे कपडे गरम असतानाच ढीग करून टोपलीत भरले, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, वाढलेले तापमान ती अभिक्रिया आणखी वेगवान करते आणि काही तासांनी ढीग मधूनच पेटू शकतो. याचसाठी यंत्रातील शेवटची थंड हवेची फेरी अर्ध्यावर तोडत नाहीत, आणि तेलकट फडकी तर यंत्रात न टाकता दोरीवरच सुटी पसरतात.