लोखंडाशी सलगी (भाग ६) : गुडघा पुढे जाऊ द्या, आत नको

मागच्या भागात बार पाठीवर नेमका कुठे टेकवायचा ते पाहिलं. बार जागेवर बसला की जिममध्ये पुढची सूचना येते ती गुडघ्यांची : गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये. ही सूचना इतक्या ठामपणे दिली जाते की तिच्याकडे पुरावा मागावा असं कुणाच्या मनातही येत नाही. गंमत अशी, की याच महाराष्ट्रात तालमीतली पोरं पिढ्यानपिढ्या बैठका मारत आली आहेत, आणि त्या बैठकीत टाचा उचलल्या जातात, गुडघे बोटांच्या कितीतरी पुढे जातात. बैठकीत खांद्यावर शंभर किलो नसतात हे खरं, त्यामुळे तिच्या आधारे बारबेल स्क्वॅटचा निकाल लावता येणार नाही. पण प्रश्न वजनाचाच असेल तर वेटलिफ्टिंगकडे पाहावं. मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटात क्लीन अँड जर्कला ११५ किलो उचलले. असा बार छातीशी झेलून ताठ पाठीने खोल बसायचं तर गुडघे पुढे जाणारच. ते अडवले तर बार हातून सुटेल.

खोल स्क्वॅटविषयीच्या भीतीला १९६१ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी मोठं बळ दिलं. खोल बसणाऱ्यांच्या गुडघ्यातली लिगामेंट सैल होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्या अभ्यासांत हा सैलपणा पुन्हा आढळला नाही, पण भीती मात्र टिकून राहिली. गुडघा अडवल्याने नेमकं काय होतं, हे समजायला साधा तोल लक्षात घ्यावा लागतो. माणूस आणि बार यांचा मिळून जो भार होतो, त्याचा मध्य पावलाच्या मधोमध राहिला पाहिजे, नाहीतर माणूस पुढे तरी पडेल किंवा मागे तरी. गुडघे मागे रोखले की नितंब आणखी मागे सरकतात, आणि तोल सांभाळायला छाती पुढे झुकते. भार कुठे जात नाही, फक्त गुडघ्याकडचा खुब्याकडे आणि पाठीकडे सरकतो. २००३ साली फ्राय, स्मिथ आणि शिलिंग या संशोधकांनी हेच मोजलं. सात पुरुषांनी आपल्या वजनाइतका बार घेऊन दोन तऱ्हांनी स्क्वॅट केला : एकदा मोकळा, आणि एकदा गुडघे अडवणारी लाकडी फळी समोर ठेवून. फळीमुळे गुडघ्यावरचा टॉर्क, म्हणजे सांध्याला वाकवू पाहणारा जोर, सरासरी १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर आला. खुब्यावरचा मात्र २८ वरून ३०३ वर गेला. माणसं सातच होती, आणि खुब्याच्या आकड्यांत माणसागणिक फरकही बराच होता, तेव्हा 'दहापट' या हिशेबाला फार चिकटून बसू नये. दिशा मात्र स्पष्ट आहे. गुडघ्याचं ओझं पाव हिश्श्याहूनही कमी हलकं झालं, आणि त्या बदल्यात खुब्यावर आणि झुकलेल्या पाठीवर भलतंच ओझं आलं.

यावर कुणी म्हणेल, गुडघा पुढे गेला की त्यावरचा जोर वाढतो हे तर याच आकड्यांतून दिसतं. बरोबर आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. पण जोर वाढणं आणि इजा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जोर यावा म्हणूनच आपण स्क्वॅट करतो. वजन बेताबेताने वाढवलं तर स्नायू आणि कंडरा त्याला सरावतात. ज्यांच्या गुडघ्याच्या वाटीमागे आधीच दुखतं, त्यांनी काही काळ गुडघा कमी पुढे न्यावा, खोलीही कमी ठेवावी, हे योग्यच. ते पथ्य आहे. तापात दिलेलं पथ्य निरोगी माणसाला जन्मभर पाळायला लावत नाहीत.

मग गुडघ्याची चूक शोधायची कुठे? समोरून. वर येताना दोन्ही गुडघे एकमेकांकडे ओढले जातात, मांडीचं हाड आत वळतं, पावलाची कमान जमिनीला टेकते, ही खरी लक्ष देण्याजोगी गोष्ट. २००५ मध्ये ह्यूएट आणि सहकाऱ्यांनी २०५ खेळाडू मुलींची उडीनंतर जमिनीवर उतरण्याची पद्धत आधी तपासली आणि मग त्यांच्यावर लक्ष ठेवलं. पुढे ज्या ९ जणींचं एसीएल लिगामेंट तुटलं, त्यांचे गुडघे उतरताना इतरांपेक्षा सरासरी ८ अंशांनी जास्त आत झुकत होते. आता, उडी आणि स्क्वॅट एक नव्हेत. उडीत सगळा आघात क्षणार्धात येतो, स्क्वॅटमध्ये भार सावकाश चढतो. शिवाय कसलेल्या लिफ्टरचे गुडघेसुद्धा सगळ्यात जड वजनाला वर येताना जरासे आत येतात आणि परत जागेवर जातात. म्हणून प्रत्येक हेलकाव्याला दोष देणं मला पटत नाही. पण हलक्या वजनालाही, खाली जातानाच गुडघे आत येत असतील आणि फेरीगणिक ते वाढत असेल, तर वजन वाढवणं अंगाशी येईल.

अशा वेळी ट्रेनर ओरडतात : गुडघे बाहेर ढकला! ही सूचना कधीकधी लागू पडते, पण बऱ्याचदा पाऊल बाहेरच्या कडेवर कलंडतं आणि अंगठा जमिनीवरून सुटतो. आधी कारण पाहावं. पुष्कळदा ते घोट्यात असतं : घोटा पुरेसा वाकत नाही, म्हणून पाऊल आत कोसळतं आणि गुडघा त्याच्यामागे जातो. पायाचा अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटरवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का, ते तपासा. लागत नसेल तर टाचांखाली छोट्या प्लेट ठेवून किंवा उंच टाचेचे लिफ्टिंग शूज घालून स्क्वॅट करा. तेवढ्याने गुडघे सरळ राहिले, तर कारण घोट्यात होतं असं समजा, आणि रोज घोट्याचा ताण घ्यायला लागा. टाच उंचावूनही फरक पडत नसेल तर खुब्याभोवतीच्या स्नायूंची ताकद किंवा सवय कमी पडते आहे. मग वजन उतरवा, तीन सेकंदांत खाली जा, तळाशी क्षणभर थांबा. पावलं १५ ते ३० अंश बाहेर वळवलेली असू द्या, आणि गुडघ्याची वाटी दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रोखाने ठेवा. टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ, तिन्ही जमिनीला टेकलेली हवीत. मांड्यांभोवती रबरी बँड बांधण्याचा उपाय लोकप्रिय आहे, पण त्याने गुडघे सुधारतातच असं पुराव्यावरून म्हणता येत नाही.

फोन समोर, गुडघ्याच्या उंचीवर ठेवून सेटची शेवटची फेरी चित्रित करा. तिच्यातही गुडघे बोटांच्या रोखानेच राहिले, तर पुढच्या आठवड्यात अडीच किलो वाढवा. गुडघा सुजला, अडकला किंवा मध्येच दगा देऊ लागला, तर स्क्वॅट थांबवून आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.