चार दिवसांची मांडणी, बारा महिन्यांची राखण

पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. मुरबाड-कर्जत रस्त्यावरील हे लहानसे गाव त्या काळात मोठी बाजारपेठ होऊन जाते. गुरांचा बाजार हे यात्रेचे पूर्वापार वैशिष्ट्य. शिवाय घोंगड्या, शेतीची अवजारे, भांडीकुंडी यांची दुकाने लागतात. ‘प्रदर्शन’ हा शब्द आता शहरात मुक्कामाला गेला असला, तरी शिंगे रंगविलेले बैल ओळीने बांधणारा शेतकरी आणि घोंगडीची घडी मोडून ती उजेडात धरणारा व्यापारी हे दोघेही प्रदर्शनच मांडीत असतात. त्यांना आडोसा आणि दिवा पुरविणारा मंडपवाला मात्र यात्रेच्या वर्णनांत सहसा आढळत नाही.

त्याचा धंदा भाड्याचा, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो राखणीचा धंदा होय. बांबू, वासे, कनाती, ताडपत्र्या, पत्रे, विजेच्या तारा ही त्याची सामग्री मोजके दिवस कमावते आणि उरलेले दिवस झिजते. पौषातल्या दवाने ओलावलेली कनात तशीच घडी घालून ठेवली की बुरशी धरते, आणि डागाळलेले कापड लग्नघरी कोणी लावू देत नाही. बांबूतील पिष्टमय अंशावर भुंगेरा वाढतो. म्हणून तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळविण्याची जुनी रीत आहे. उंदराने कुरतडलेली तार वेळीच बदलली नाही, तर कापडी मंडपात ती काय करील हे सांगावयास नको. त्यात हा प्रदेश सह्याद्रीच्या पायथ्याचा. जून ते सप्टेंबर कोरडी जागा मिळविणे हेच एक मोठे काम. 2020 साली टाळेबंदीत समारंभ थांबले, 2022 साली लम्पी रोगामुळे राज्यातील गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. उत्पन्न थांबले, बुरशी थांबली नाही.

आसनगावहून लोकलने मुंबई गाठून गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात गेले की हाच व्यवसाय निराळ्या वेषात भेटतो. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद असे ठरीव दालन तेथे ॲल्युमिनियमच्या खांबांवर उभे राहते, सुटते आणि पुन्हा कामास येते. पण मोठ्या कंपन्यांची खास दालने प्लायवूडची असतात आणि त्यांतील कितीतरी शेवटच्या रात्री मोडून टाकली जातात. या नासाडीस आधुनिक म्हणावयाचे आणि सुंभ सोडून बांबू पुन्हा गाडीत रचणाऱ्यास मागासलेला, हा न्याय मोठा विचित्र आहे. 1851 च्या लंडन प्रदर्शनाचा स्फटिकमहाल त्या काळी आधुनिकतेचा कळस मानला गेला. तो हाइड पार्कातून सुटा करून सिडनहॅम येथे पुन्हा उभारता आला, तोही सुट्या भागांच्याच बळावर.

प्रदर्शन संपल्यावर वस्तूंचे काय होते, याचा धडा मुंबईस फार पूर्वी मिळालेला आहे. त्या काळच्या युरोपीय प्रदर्शनांसाठी जमविलेल्या वस्तूंतून किल्ल्यातील बराकीत एक संग्रहालय सुरू झाले. 1857 च्या धामधुमीत बराक रिकामी करविण्यात आली आणि संग्रहाची दैना झाली. पुढे 1872 साली भायखळ्यास खास इमारत उघडली, तेच आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. तेही कालांतराने जीर्ण झाले आणि दुरुस्तीनंतर 2008 साली पुन्हा खुले झाले. वस्तू जमविण्यास उत्साह पुरतो, सांभाळण्यास मात्र छप्पर आणि नेमलेला माणूस लागतो.

सरकारला हे कळत नाही असे नव्हे. ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांत ग्रामीण बचत गटांच्या महिलांना दालने मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु उद्‌घाटनाची छायाचित्रे निघतात. परतीच्या टेम्पोची निघत नाहीत. न विकलेल्या टोपल्या, फळ्या, कापडी फलक घरच्या पडवीत येऊन पडतात आणि पहिल्या पावसात भिजतात. शहापूर आणि मुरबाड येथे उंच जोत्याची, हवेशीर मांडण्यांची एकेक सामाईक वखार बांधली, तर मंडपवाले व बचत गट दोघेही तिचे भाडे देतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून सुतार, वेल्डर आणि वीजतंत्री बाहेर पडतात. सुटे होणारे दालन बांधण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम त्यांना शिकविण्यास नवी इमारत लागणार नाही. वखारीला मात्र जागा लागेल, आणि तिचा ठराव यात्रा उठल्याबरोबर व्हावयास हवा. पौष सरला की पावसाळ्याला चारपाच महिनेच उरतात.