वाचा बसते तेव्हा

गोणपाटाचा हातभर तुकडा. वरच्या बाजूला जुन्या कपड्यांच्या पट्ट्या जोडून केलेला अँडीज पर्वत, त्यावर पिवळा सूर्य. खाली चिंध्यांची घरं आणि घरांपुढे कापूस भरलेल्या बोटभर बाहुल्या. त्यांच्या हातातल्या फलकावर टाके घालून लिहिलेलं: ‘ते कुठे आहेत?’

चिलीची राजधानी सँटियागोमध्ये १९७४च्या सुमारास बायका असे तुकडे शिवू लागल्या. या तुकड्यांना अर्पिलेरा म्हणतात. ११ सप्टेंबर १९७३ला जनरल पिनोशे यांनी सत्ता बळकावली होती. त्यानंतर कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा उचलून नेला गेला, तो परतलाच नाही. विचारायला गेलं की उत्तर मिळे, असा माणूस आम्ही पकडलेलाच नाही. मृतदेह नाही म्हणून दफन नाही आणि आशाही सुटत नाही. चर्चच्या आश्रयाने भरणाऱ्या शिवणवर्गांत या बायका एकत्र बसत. जुनेर जोडून शिवणं आपल्या गोधडीतही असतंच. चिलीत काही जणींनी बेपत्ता माणसाच्या शर्टाचंच कापड कापून बाहुलीला घातलं. तुकडे गुपचूप परदेशी जात, विकले जात आणि कर्ता माणूस गेलेल्या घरात चूल पेटे.

उपचार म्हणून हे कुणी सुरू केलं नव्हतं. तरी आज कलोपचारांवर जे संशोधन होतं, त्यातलं बरंच काही इथे आधीच दिसतं.

स्कॉट राउच, बेसेल व्हॅन डर कोक आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक ताणविकार) असलेल्या आठ जणांना त्यांच्याच आघाताची हकिकत ऐकवली आणि मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. भीतीशी संबंधित अमिग्डला आणि दृश्यांशी संबंधित भागात तो वाढला. बोलण्याशी निगडित ब्रोका क्षेत्रात मात्र घटला. प्रसंग डोळ्यांपुढे लख्ख, पण वाचा बसलेली. आठच माणसं, त्यामुळे यावर इमले रचू नयेत. (समाजमाध्यमांवर नेमकं तेच होतं.) तरी ‘बोल, म्हणजे हलकं वाटेल’ हा आपला ठरलेला सल्ला तपासून घ्यायला हवा. दुर्घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पीटीएसडी टळत नाही, असं कोक्रेन संस्थेच्या आढाव्यातही दिसलं आहे.

याउलट सुई हातात असली की वेग आपल्या ताब्यात राहतो. नको वाटलं तर काम खाली ठेवता येतं, नजर कापडावर ठेवून शेजारणीशी बोलता येतं किंवा गप्प बसता येतं. माझ्या मते कलेचा मोठा गुण हाच आहे. चित्र सुंदर होतं की नाही, हा प्रश्नच नाही.

दुसरा गुण सोबतीचा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सात महिने चाललेल्या प्रौढांच्या वर्गांचा अभ्यास २०१५मध्ये मांडला. गाणाऱ्या गटांत जवळीक लवकर जुळली, हस्तकला आणि लेखनाच्या वर्गांत हळूहळू. पण अखेरीस सगळे जवळपास सारखेच जवळ आले होते. म्हणजे कला कोणती, यापेक्षा पुन्हापुन्हा एकत्र जमणं कदाचित जास्त महत्त्वाचं. चिलीत १९७८मध्ये बेपत्तांच्या नातलग स्त्रिया एकेकट्या क्वेका नाचू लागल्या. क्वेका हा जोडीचा नाच. छातीवर हरवलेल्याचा फोटो, हातात रुमाल, समोरची जागा रिकामी. अशा वेळी दुःख एका घरापुरतं राहत नाही.

आपल्याकडे ‘कोलकाता संवेद’ ही संस्था मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींसोबत नृत्याधारित उपचाराचं काम करते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेबरोबर तिने या विषयाचा पदविका अभ्यासक्रमही उभा केला. असं प्रशिक्षण हवंच. ज्याच्या शरीरावर अत्याचार झाला, त्याला ‘चल, नाच’ म्हणणं सोपं नसतं. उत्साहाच्या भरात घेतलेल्या दोन तासांच्या कार्यशाळेत जखम उघडते आणि ती बांधायला कुणी नसतं. या क्षेत्रातले अभ्यास बहुतेक छोटे आहेत, तुलनेसाठी गट नसलेले आहेत. औषधं आणि समुपदेशन बाजूला सारून केवळ रंगांवर विसंबावं, असं त्यांतून मुळीच निघत नाही.

आणि शिवणाने चिलीत एकही माणूस सापडला नाही. बेपत्तांच्या शोधाची राष्ट्रीय योजना सरकारने जाहीर केली ती ऑगस्ट २०२३मध्ये, सत्तापालटाला पन्नास वर्षं होत असताना. तोवर चौदाशेहून अधिक बेपत्तांपैकी जेमतेम तीनशे जणांच्या अवशेषांची ओळख पटली होती.